उजव्या कानातली लेक

लाँड्रीत तिला सगळे सूनबाई म्हणत. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, एका मोठ्या लेकीची आई, तरी सूनबाई. याला कारण तिची जोडीदारीण. ती सासूबाई. गंमत अशी की या सासूबाईंचं लग्नच झालेलं नव्हतं. ना नवरा, ना मूल, ना कसली सून. पण समोरचीच्या हातातला चादरीचा कोपरा बोटभर जरी वाकडा आला, तरी "माहेरी हेच शिकवलं का?" असं विचारायची त्यांची रीत. कोणीतरी नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्या सासूबाई झाल्यावर त्यांच्या समोर उभी राहणारी आपोआप सूनबाई झाली. तिला काय वाटतं हे कोणी विचारायच्या भानगडीत पडलं नाही.

लाँड्री मोठी होती. शहरातल्या हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे ट्रॉल्या भरभरून येत. एका बाजूला धुण्याची यंत्रं, मग सुकवायची, आणि शेवटी तो लांबरुंद गरम रोलर. ओलसर चादर एका बाजूने आत जायची आणि दुसऱ्या बाजूने कडक इस्त्री होऊन बाहेर यायची. तिची घडी घालायला दोघी लागतात. ज्याला पटत नसेल त्याने डबल बेडची चादर एकट्याने घडी घालून बघावी. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं. मग झटका द्यायचा, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, एकमेकींकडे चालत यायचं आणि आपले कोपरे समोरचीच्या हातात देऊन खालची घडी उचलायची. धर, झटक, जुळव, चाल. दिवसभर हेच.

तिथल्या जोड्या ठरलेल्या, आणि प्रत्येकीची जागाही ठरलेली. सूनबाईच्या उजव्या हाताला रोलर. सासूबाई तिच्या समोर तोंड करून उभ्या, म्हणजे त्यांच्या डाव्या हाताला रोलर. चादर आत अडकली की रोलरची घंटा वाजे आणि सगळ्यांनी हात मागे घ्यायचे, म्हणून रोलरकडचा कान मोकळा ठेवायचा असा सुपरवायझरचा सक्त नियम होता. सुपरवायझरला सगळ्या शिट्टी म्हणत, कारण तो माणसांना हाक मारायच्या ऐवजी शिट्टी मारायचा. "एक कान माझा," असं तो म्हणे. "दुसऱ्यात काय कोंबायचं ते कोंबा." बायका दुसऱ्या कानात मालिका कोंबत, बातम्या कोंबत, कोणी बहिणीशी तासन्‌तास बोलत बसे. सूनबाई बरीच वर्षं काहीच कोंबत नव्हती.

तिची लेक गिटार वाजवायची. शाळेत असल्यापासून. घर दोन खोल्यांचं, भिंती पातळ, शेजारी तक्रारखोर, म्हणून लेकीने गिटारची वायर एका डबीत आणि डबीतून हेडफोनमध्ये नेली होती. सगळा आवाज तिच्या एकटीच्या कानात. बाहेर ऐकू यायची ती फक्त तारांची कोरडी टिकटिक. आई चहा द्यायला आत गेली की लेक डोळे मिटून, मान खाली घालून बसलेली असे, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काय चाललेलं असे ते बघून आईला वाटे, हिला आत्ता काय ऐकू येत असेल? पण विचारायचं कसं? आणि विचारून कळणार काय? ती कप ठेवून बाहेर यायची. भिंतीपलीकडे पोरीने आख्खं तारुण्य वाजवून काढलं आणि आईच्या वाट्याला टिकटिक आली.

मग लेक दुसऱ्या शहरात गेली. तिथे चौघांचा बँड झाला. "इन्स्ट्रुमेंटल प्रोग्रेसिव्ह मेटल," असं लेकीने सांगितलं, आणि एखाद्या आजाराचं नाव पाठ करावं तसं आईने ते पाठ केलं. कोणी विचारलं तर न अडखळता सांगायची. पुढचा प्रश्न कोणी विचारत नसे, हे एक बरं होतं.

दर रविवारी लेकीचा फोन यायचा.

"जेवलीस का?"

"हो. तू?"

"हो. बाबांची पाठ?"

"आहे तशीच. थंडी आहे का तिकडे?"

"आहे थोडी."

मग "ठेवते गं." भांडण नव्हतं, राग नव्हता, काही नव्हतं. तेच तर दुखायचं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. फोन ठेवल्यावर सूनबाई उगाच ओटा पुसत राही. तिला लेकीशी एकदा, निदान एकदा, जेवणाच्या आणि थंडीच्या पलीकडचं काहीतरी बोलायचं होतं. एवढीच तिची मागणी होती आणि ती कोणाकडे करायची हे तिला ठाऊक नव्हतं.

मागच्या वाढदिवसाला लेकीने दोन बिनवायरीचे इयरबड पाठवले. सोबत फोनवर बँडचा नवा अल्बम आणि खाली एक ओळ : वेळ मिळाला तर ऐक.

वेळ मिळाला तर! सूनबाईने दुसऱ्याच दिवशी कामावर डाव्या कानात इयरबड घातला आणि पहिलं गाणं लावलं. ढोल सुटले, गिटार सुटली, धाडधाड, खडखड. बरं, म्हटलं, सुरुवात जोरात आहे, आता गाणारा येईल. गाणारा येईना. मध्येच सगळं थांबलं, तिला वाटलं आता आला, तर पुन्हा धाडधाड. गाणं संपलं तरी गाणारा नाही. दुसऱ्यात नाही, तिसऱ्यातही नाही. संध्याकाळी घरी जाताना तिला त्या न आलेल्या माणसाचा मनापासून राग आला होता. रविवारी तिने लेकीला भीतभीत विचारलं, "तुमचा गाणारा आजारी होता का गं?" लेक खूप दिवसांनी हसली. "आई, गाणारा नाहीच आहे. नुसतं वाजवायचं."

"आणि लोक ऐकतात?"

"ऐकतात की."

लोक ऐकतात तर आपण का नाही, असं म्हणून तिने नेट लावला. पण नेट लावून गाणं आवडत नसतं. पहिले काही आठवडे तिला ते रिकाम्या यंत्रात खडे घालून फिरवल्यासारखंच वाटलं. घरी फोनवर मोठ्याने लावायची सोय नव्हती, एकदा लावलं तर आतल्या पलंगावरून नवरा ओरडला, "ती चक्की बंद कर!" मग घरीही डाव्या कानातच, आणि उजवा कान नवऱ्याच्या हाकेसाठी. पाठीने तो अंथरुणाला खिळलेला, कधी पाणी मागेल, कधी उशी.

कसं काय ते सांगता येणार नाही, पण हळूहळू तिला वाट सापडत गेली. आधी तिने सगळं ऐकायचा नाद सोडला आणि फक्त गिटार धरली. गिटार कुठे चालली, कुठे वळली, कुठे जिना चढली. मग तिला जागा ओळखू यायला लागल्या : आता हे येणार, आता ते येणार. आणि एक दिवस चादर झटकताना तिच्या अंगावर शहारा आला. गिटार वर वर गेली, इतकी वर की आता पडणार असं वाटलं, आणि तिथूनच हळूच, लांबलचक सूर ओढत उतरली. माझी पोर, तिच्या मनात आलं. ही माझी पोर वाजवतेय. एवढं रडू हिने कुठे साठवलं होतं?

"काय गं, डोळ्यांत काय गेलं?" सासूबाई चादरीच्या पलीकडून म्हणाल्या.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? काय ऐकतेस एवढं? मला पण दे."

उजवा इयरबड तसाही खिशात रिकामाच पडून असायचा. सूनबाईने तो दिला. सासूबाईंचा डावा कान रोलरचा, म्हणून त्यांनी तो उजव्या कानात घातला, आणि तोंड कडू केलं. "हे तुझी पोर वाजवते? कोणाशी भांडण झालंय का तिचं?" पण काढला मात्र नाही. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या हात पुढे केला. "आण माझा शेंगदाणा." इयरबडला त्या शेंगदाणा म्हणत.

तेव्हापासून रोज हेच. सूनबाईला डावा शेंगदाणा, सासूबाईंना उजवा, मध्ये चादर. गाण्यांची खरी नावं लांबलचक होती, ती कोण लक्षात ठेवणार? त्यांनी आपली नावं पाडली. छोटी, झटपट संपणारी ती टॉवेलं. मधली ती उश्या. आणि शेवटचं, जे संपता संपत नाही, ज्यात आख्खी ट्रॉली रिकामी व्हायची, ते लांबडं. लांबड्यात एक मजा होती. घडीची पावलं चार आणि ढोलाचे ठोके सात सातचे. हात आणि ढोल आधी बरोबर निघायचे, मग फाटायचे, भलतीकडे जायचे, आणि मधूनच एका झटक्यावर पुन्हा बरोबर यायचे. तो झटका आला की दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. शिट्टीला वाटे आपल्यालाच हसतात.

ढोलांबद्दल दोघींचं एकमत होतं. गिटारीवरून मात्र रोज वाद.

"काय रडवलंन बाई आज," सूनबाई म्हणायची.

"रडवलं? कुठे रडवलं? चांगली दणादण ठोकत होती की. सुताराने खिळे मारावेत तशी."

"अहो, ते वर जातं ते? असं..." आणि सूनबाई गुणगुणून दाखवायची.

"हे त्यात कुठेच नाही. असं आहे ते." सासूबाई भलतंच काहीतरी गुणगुणायच्या, तुटक तुटक, दातांतल्या दातांत.

बरेच महिने हे चाललं आणि शेवटी सूनबाईने मनाशी ठरवून टाकलं की सासूबाईंना कान नाही. बिचाऱ्या, वय झालं. तिकडे सासूबाईंनीही सूनबाईबद्दल नेमकं हेच ठरवलेलं होतं.

मग एका रविवारी लेक म्हणाली, "आई, पुढच्या महिन्यात आमची गाडी तुमच्या शहरावरून जाणार आहे. दोन कार्यक्रमांच्या मध्ये एक दिवस रिकामा आहे. बघते, जमलं तर घरी येईन."

तीन दिवाणखान्यांना पुरेल एवढा आनंद सूनबाईला त्या दोन खोल्यांत मावेना. आणि आनंदाच्या भरात तिला वाटलं, आज बोलायचंच. आज जेवण नाही, थंडी नाही.

"अगं, मी ऐकते तुमचं. रोज ऐकते. पाठ झालंय."

"खरंच?" लेकीचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला.

"मग! तू ते वर वर जातेस ना, आणि मग हळूच उतरतेस... थांब." आणि तिने डोळे मिटून, स्वयंपाकघरात उभं राहून, ते सगळंच्या सगळं गुणगुणून दाखवलं. जन्मात ती कोणासमोर गायली नव्हती. "हे ऐकलं की मला भरून येतं बघ. मला वाटतं, माझ्या लेकीच्या मनात एवढं होतं आणि मला..."

लेकीने मध्येच थांबवलं.

"आई, ते माझं नाहीये."

"म्हणजे?"

"ते त्याचं आहे. दाढीवाला, फोटोत पाहिलायस ना? आमच्यात दोन गिटार आहेत. रेकॉर्डिंगमध्ये तो डाव्या बाजूला असतो. मी उजव्या. डाव्या कानात तो ऐकू येतो, उजव्यात मी." तीच पुढे म्हणाली, "असू दे गं. सगळ्यांना त्याचंच आवडतं." आणि मग घाईघाईने, "ठेवते. जेवून घे."

सूनबाई फोन हातात धरून तशीच उभी राहिली. इतके महिने आपण एका दाढीवाल्या परक्या पोरासाठी डोळे पुसत होतो. आणि आपली पोर? ती रोज, चादरीच्या पलीकडे, सासूबाईंच्या कानात वाजत होती. एवढं वाईट तिला खूप दिवसांत वाटलं नव्हतं. पुढच्या रविवारी फोन आला नाही. नुसता मेसेज आला : गाडीत आहे, नंतर बोलू.

सोमवारी कामावर जाताच तिने आठवडाभर मनात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं आणि हात पुढे केला. "सासूबाई, उजवा द्या."

"उजवा घालशील कुठे? तुझा उजवा कान रोलरचा."

"मग जागा बदलू."

जागा बदलायच्या? सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं जणू तिने घर बदलू म्हटलं. सूनबाई यायच्या आधीपासून त्या त्याच जागेवर उभ्या होत्या. पण तिचा चेहरा बघून त्या मुकाट्याने पलीकडे गेल्या. कामाचा बोजवारा उडाला. दोघींचे हात उलटे पडायला लागले, सूनबाई कोपरा द्यायच्या जागी घ्यायला जाई, सासूबाई भलत्या बाजूला वळत. चादरी तिरक्या. शिट्टीने दोनदा शिट्टी मारली आणि मग चक्क तोंडाने विचारलं, "आज काय, पहिलाच दिवस आहे का तुमचा?"

सूनबाईचं लक्षच नव्हतं. ती उजव्या कानात लेक शोधत होती.

आणि लेक तिला आवडेना. हे तिने कोणालाच सांगितलं नसतं, पण खरं होतं ते. तिकडे डावीकडे काय काय होतं, चढणं, उतरणं, हुंदके. इकडे नुसती तुटक ठोकाठोकी. खालच्या खाली, कोरडी, मध्येच थांबणारी. मंगळवारी ऐकलं, बुधवारी ऐकलं. काही नाही. आता फोन आला तर सांगायचं काय? छान वाजवतेस म्हणायचं? खोटं बोलायचं? लेकीला खोटं लगेच कळतं, लहानपणापासून.

आणि सासूबाई! त्यांनी बुधवारीही डावा शेंगदाणा घातला, दोन गाणी ऐकली आणि नाक मुरडलं. "हा कोण गं मेला रडतराव? सारखा आपलं, मी बघा, मला बघा. मला माझी पोर दे परत."

"तुमची पोर?" सूनबाई एकदम कडाडली. "पोर माझी आहे!"

चादर दोघींच्या मध्ये तशीच लोंबत राहिली. सासूबाईंचा चेहरा उतरला. सूनबाईला लगेच लाज वाटली, पण शब्द तर गेला होता. दोघींनी तीन-चार चादरींच्या घड्या घातल्या. शेवटी सूनबाईच म्हणाली, "सासूबाई, मला तिच्यात काही सापडत नाही हो. तुम्हाला काय सापडलं ते तरी सांगा."

सासूबाईंनी कोपरा जुळवला, झटका दिला.

"मला गाण्यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण हा रडतो कोणाच्या जिवावर? ती खाली धरून ठेवते म्हणून. तिने हात काढला तर हा कोसळेल. ती त्याला पडू देत नाही आणि कोणाला कळूही देत नाही. आणि त्या लांबड्यात बघ. एका जागी तो दमून थांबतो. ढोलही थांबतात. मग ती एकटी वाजवते. एवढंसंच. लाजत लाजत, कोणी ऐकत नाही ना असं बघत वाजवावं तसं. आता कुठे तिला सूर लागतोय, तेवढ्यात हा परत येतो आणि ही लगेच गप्प. लगेच बाजूला. त्याच्यासाठी जागा करून देते, हे मला डावा ऐकला तेव्हा कळलं." त्यांनी चादर सूनबाईच्या हातात दिली. "मला माहीत आहे, ते रोज तसंच वाजणार. रेकॉर्ड आहे ते. पण मी रोज तिथे आले की मनात म्हणते, आज नको गप्प बसूस. आज राहा."

सूनबाईला पुढचं दिसेनासं झालं.

चहाच्या सुट्टीत ती चादरींच्या कोठीत गेली. मागे दार लावून घेतलं. तिथे रोलर नव्हता, नवरा नव्हता, शिट्टी नव्हता. तिने पहिल्यांदाच दोन्ही शेंगदाणे दोन्ही कानांत घातले आणि लांबडं लावलं. आणि बाई, काय सांगावं. जे दोघी इतके महिने अर्धं अर्धं वाटून घेत होत्या ते आख्खं तिच्या डोक्यात उभं राहिलं. तो वर चढत होता आणि ती खाली होती, प्रत्येक पायरीखाली होती. मग तो थांबला. ढोल थांबले. आणि उजवीकडून, अगदी जवळून, तिची लेक आली.

सासूबाईंनी सांगितलं होतं तसंच होतं ते. एवढंसं. पण सूनबाईने तिला ओळखलं. पाहुणे आले की आपलं अंथरूण उचलून मुकाट्याने स्वयंपाकघरात झोपायला जाणारी. शेवटचा घास बापाच्या ताटात सरकवून मला भूक नाही म्हणणारी. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आख्खी गिटार कानात कोंडून घेणारी. शहाणी मुलगी, असं सगळे म्हणायचे. आईही म्हणायची, कौतुकाने म्हणायची. तेवढ्यात दाढीवाला परत आला आणि लेक गप्प झाली, आणि कोठीतल्या चादरींच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून सूनबाई रडली. तिला लेक हवी होती. रविवारची नाही, शहाणी नाही, ही. ही जी लाजत लाजत बोलायला लागली होती आणि जिला पुरतं बोलू दिलं गेलं नव्हतं.

बाहेर आली ती थेट मागच्या अंगणात, जिथे रिकाम्या ट्रॉल्या उभ्या असायच्या. सासूबाई तिथे चहा पीत बसल्या होत्या. सूनबाईने त्यांच्या समोरच फोन लावला.

"आई? आज कसा काय?" लेक घाबरली. "बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तू येतेस ना त्या दिवशी?"

"नाही जमणार गं. गाडी थेट पुढे जायचं ठरलंय. मी म्हटलं होतं सगळ्यांना, पण..."

सूनबाईने मनात लेकीच्या आवडीची भाजीसुद्धा ठरवून ठेवली होती. पण तिला हेही कळलं की लेकीने सगळ्यांना एकदा, हळूच विचारलं असेल, आणि कोणी नको म्हटल्याबरोबर बाजूला झाली असेल.

"बरं," ती म्हणाली. "मग एक सांग. तुमचं ते शेवटचं, मोठं गाणं. त्यात तो थांबतो आणि तू एकटी वाजवतेस."

"तू उजवीकडचं ऐकलंस?"

"ऐकलं. खरं सांगू? आधी मला आवडलं नाही. मला कळलंच नाही. कळलं ते सासूबाईंना, माझ्या जोडीला उभ्या राहतात त्या. इतके महिने त्या तुलाच ऐकतायत. त्या रोज मनात म्हणतात, तिथे ही गप्प का बसते. आता मी विचारते. का गं बसतेस गप्प?"

सूनबाई एका रिकाम्या ट्रॉलीच्या कडेवर टेकली.

"तिथे पुढे होतं," लेक म्हणाली. आवाज ओला झाला होता. "बरंच होतं अजून. मी बसवलं होतं सगळं. मग वाटलं, लांबतंय. तर काढलं."

"कोणी काढलं?"

"मीच म्हटलं, काढा."

"कसं होतं ते?"

"आता कसं सांगू? गिटार गाडीत आहे."

"तोंडाने म्हण."

"आई, मला गाता येत नाही."

"मला तरी कुठे ऐकता येतं? म्हण तू."

लेक हसली, नाक ओढलं, आणि मग घसा साफ करून तिने सुरू केलं. आधी ती जागा, ओळखीची, एवढीशी. ती संपली. इथे दाढीवाला यायचा. सूनबाईने फोन कानावर इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. आणि लेक पुढे गेली. बेसूर, धाप लागत, अडखळत, पण पुढे. ते सूर सूनबाईने कधीच ऐकले नव्हते. कोणीच ऐकले नव्हते.

आतून शिट्टीची शिट्टी झाली. सुट्टी संपली होती. दारातून बायका आत जायला लागल्या. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. चहाचा कप तसाच हातात धरून त्या सूनबाईच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि शेवटी त्यांना राहवेना. त्यांनी भुवया उंचावून, आवाज न करता, नुसत्या ओठांनी विचारलं : बसली गप्प?

सूनबाईने मान हलवली. नाही. अजून नाही.